मराठीतून पायथन: चौतीस जणांचे सहा कसे झाले?

पानशेतकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर एक उपद्व्याप सुरू केला. त्यात काय चुकतंय ते विचारायला हा धागा.

मी सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. भाच्याने ‘मामा, आम्हाला कोडिंग शिकव’ म्हणून भुणभुण लावली. त्याचे चार मित्र आले, त्यातल्या एकाची ताई आली, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी निरोप टाकला आणि बघता बघता चौतीस जण जमले. शनिवार-रविवार रात्री नऊ ते दहा गूगल मीट, बाकी दिवस शंकांसाठी व्हॉट्सॲप गट. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. बी.कॉम.च्या मुली, डिप्लोमाची पोरं, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या एक ताई. सगळं मराठीतून, प्रोग्रामिंगची भाषा पायथन.

पहिला आठवडा झकास गेला. सगळ्यांनी आपापलं नाव पडद्यावर छापून बघितलं, गटावर फोटो टाकले. दुसऱ्या आठवड्यात दोन आकडे विचारून बेरीज करायची होती. काकांनी २ आणि ३ दिले, उत्तर आलं २३. काका म्हणाले, ‘बँकेत असं झालं असतं तर मी आज आत असतो.’ इनपुटमधून येतो तो मजकूर असतो, आकडा नव्हे, त्याला आधी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्यावं लागतं, हे मी पंधरा मिनिटं समजावलं. सगळे ‘हो सर’ म्हणाले. पुढच्या शनिवारी एकोणीस जण. इफ-एल्स (असं असेल तर हे, नाहीतर ते) झालं, बारा. तेच काम परत परत करवणाऱ्या फॉर लूपच्या दिवशी सहा. त्यातला एक भाचा, त्याला मी घरी जाऊन बसवलेला.

आता सांगा. पायथन चुकलं का? मराठी चुकली का? की मीच? दुसरी तुकडी जानेवारीत सुरू करायची आहे. ज्यांनी शिकवलंय त्यांनी लिहाच, पण ज्यांनी असा एखादा वर्ग अर्ध्यात सोडलाय त्यांनी जरूर लिहा.

उंटावरचा शहाणा

फुकट होतं म्हणून गेले. पाचशे रुपये घ्या, चौतीसचे तीस राहतील. माणूस पोहण्याच्या तलावावर थंडीतसुद्धा जातो, कारण पास काढलेला असतो.

झुणका भाकर

@शहाणा, पास काढून न जाणाऱ्यांवरच अख्खा जिमचा धंदा उभा आहे.

उंटावरचा शहाणा

तो अनुभव वैयक्तिक आहे, त्यावर नो कमेंट्स.

खडूस मास्तर

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. पाया कच्चा आहे. सुरुवात सी या भाषेपासूनच व्हायला हवी. पायथनमध्ये मुलाला मेमरी कळत नाही, टाईप (आकडा की मजकूर) कळत नाही, काहीच कळत नाही, तरी प्रोग्राम चालतो. मग २३ उत्तर आलं की तो घाबरतो. सी मध्ये तुम्ही आधीच इंट लिहिलेलं असतं, हा प्रश्न उद्भवतच नाही. आणि ज्या पायथनचं एवढं कौतुक चाललंय त्याचा नेहमीचा इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा प्रोग्राम, स्वतः सी मध्येच लिहिलेला आहे. अठ्ठावीस वर्षं पॉलिटेक्निकला शिकवलं आहे, अंदाजाने बोलत नाही.

वऱ्हाडी ठेचा

मास्तर, तुमच्यासारख्याच एका सरांकडे शिकलो न मी! निळ्या स्क्रीनचा टर्बो सी, सी लिहाचं जुनं सॉफ्टवेअर. प्रत्येक प्रोग्रामात त्याच ठरलेल्या ओळी: व्हॉइड मेन, सीएलआरएससीआर, शेवटी गेटसीएच. ते शेवटचं काहून लिहाचं ते तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही. विचारलं तर सर म्हणे, ‘लिहायचं असते.’ नोकरीले लागलो तवा समजलं की आउटपुटची खिडकी लगेच मिटू नये म्हणून ते होतं. अन व्हॉइड मेन तर प्रमाण सी मध्ये बसतच नाही म्हणे. तीन वर्षं चुकीचा मंत्र म्हटला बाप्पा.

झुणका भाकर

टर्बो सी! आमच्या लॅबमध्ये ६४ बिटी विंडोज आल्यावर तो चालेनासा झाला, तर अभ्यासक्रम बदलायच्या ऐवजी डॉसबॉक्स बसवला. म्हणजे नव्या संगणकात जुन्या संगणकाचं नाटक आणि त्या नाटकात आमचं प्रॅक्टिकल. त्यातला इंट सोळा बिटांचा, ३२७६७ च्या पुढे एक मिळवला की उणे ३२७६८. मी पगारपत्रकाचा प्रोग्राम केला होता. साहेबाला ३५००० पगार दिला तर साहेब कंपनीला हजारो रुपये देणं लागत होता. परीक्षकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, सर, आयकर.

खडूस मास्तर

तो दोष सी चा नाही, सोळा बिटी कंपायलरचा आहे. आणि गेटसीएच न समजावणारा शिक्षक तो शिक्षकच नव्हे. यात दुमत नाही.

लाकडी खेळणी

मास्तरांशी आदरपूर्वक असहमत. मी सावंतवाडीजवळच्या एका शाळेत गेली सहा वर्षं दर शनिवारी मुलांना शिकवतो. आमच्याकडे सुरुवात पडद्यावर रेघ काढत चालणाऱ्या कासवाने होते. लोगो ही भाषा १९६७ ची, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठीच घडवलेली. तेच कासव आज पायथनबरोबर आयतं येतं. ‘शंभर पावलं पुढे, नव्वद अंश उजवीकडे’ चार वेळा लिहिलं की चौकोन. मुलं दोन वेळा चार-चार ओळी लिहितात, तिसऱ्यांदा कंटाळतात आणि ‘सर, हेच परत परत कर असं सांगता येत नाही का?’ असं स्वतःच विचारतात. तेव्हा मी फॉर शिकवतो. आधी कधीच नाही. भूक लागायच्या आत वाढलेलं पान मुलं उष्टं टाकतात.

पानशेतकर, तुम्ही फॉर शिकवलात तेव्हा तो कुणाला हवा होता?

आणखी एक गंमत. मी ‘क्ष = क्ष + १’ लिहिलं. दहावीतली मुलगी म्हणाली, ‘सर, दोन्हीकडचा क्ष गेला, शून्य बरोबर एक. चुकलंय.’ गणिताने तिला जे शिकवलं त्याप्रमाणे ती शंभर टक्के बरोबर होती. त्या दिवसापासून मी ते चिन्ह ‘बरोबर’ असं वाचतच नाही. ‘क्ष मध्ये ठेव, आधीचा क्ष अधिक एक’ असं उजवीकडून डावीकडे वाचतो.

बे एरियातली वहिनी

लाकडी खेळणी, अगदी अगदी!

माझा अनुभव सांगते. २०२० च्या वसंतात, कोविडने सगळे घरात कोंडलेले असताना, स्टॅनफर्डने ‘कोड इन प्लेस’ नावाचा मोफत वर्ग काढला. त्यांच्याच प्राथमिक प्रोग्रामिंगच्या अभ्यासक्रमाचा पूर्वार्ध, पाच आठवडे. शिकणारे दहा हजारांच्या वर आणि छोटे गट सांभाळायला नऊशेच्या आसपास स्वयंसेवक. त्यातली मी एक. भाषणं प्राध्यापकांची ध्वनिचित्रफितीत. माझं काम फक्त आठवड्यातून एकदा दहा-बारा जणांना घेऊन एक कोडं सोडवायचं.

पहिल्या आठवड्यात चल (व्हेरिएबल) नाही, इनपुट नाही, इंट तर नाहीच. फक्त कारेल नावाचा रोबो. ‘रोबो’ हा शब्द ज्याच्या नाटकाने जगाला दिला त्या कारेल चापेकवरून ठेवलेलं नाव. त्याला एक पाऊल पुढे जाता येतं, खूण ठेवता-उचलता येते आणि डावीकडे वळता येतं. उजवीकडे वळता येत नाही! तीनदा डावीकडे वळायचं म्हणजे उजवीकडे. लोक आधी चिडतात, मग कुणीतरी म्हणतं, मी ‘उजवीकडे वळ’ अशी माझीच आज्ञा बनवू का? झालं, फंक्शन शिकवून झालं. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मला तेव्हा बजावलेलं एकच लक्षात राहिलंय: तुम्ही बोलू नका, त्यांना बोलू द्या. सवयीने फार जड गेलं, सासूबाईंना विचारा.

वऱ्हाडी ठेचा

तीनदा डावीकडे वळून उजवीकडे जाणारा तो रोबो नाही वहिनी, पुण्यातला रिक्षावाला आहे. मीटर चालू असते.

पानशेतकर

पुण्यातला रिक्षावाला येईन म्हणाला हेच नवल.

वहिनी, तुमचं वाक्य लागलं. काल फॉर लूपच्या वर्गाचं रेकॉर्डिंग परत ऐकलं. साठ मिनिटांपैकी बावन्न मिनिटं मी बोलतोय. दर पाच मिनिटांनी ‘समजलं का?’ विचारतोय आणि दोन सेकंद थांबून स्वतःच ‘ओके, पुढे जाऊ’ म्हणतोय. ऐकताना माझं मलाच मीट सोडून जावंसं वाटलं.

माय मराठी बाणा

मूळ मुद्दा राहिला बाजूला. मराठीतून शिकवता म्हणता आणि शब्द काय, तर लूप, इनपुट, फंक्शन. व्हेरिएबलला चल, लूपला आवर्तन, फंक्शनला फलन, प्रोग्रामला आज्ञावली असे सुंदर शब्द आहेत. ते का वापरत नाही?

झुणका भाकर

आमच्या नगर जिल्ह्यात ‘आवर्तन’ म्हटलं की माणूस आधी विचारतो, कालव्याला पाणी कधी सोडणार?

उंटावरचा शहाणा

लूपला ‘फेरा’ म्हणा. न थांबणारा लूप म्हणजे चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा. ब्रेक म्हणजे मोक्ष.

खडूस मास्तर

हा प्रतिसाद मी वर्गात वापरणार.

लाकडी खेळणी

@माय मराठी बाणा, शब्दांवर मी तरी अडून बसत नाही. मुलाला पडद्यावर इंग्रजी दिसतं, चूक झाल्याचा संदेश इंग्रजीत येतो, उद्या शोधायचं झालं तरी ‘लूप’च शोधणार. शब्द तोच ठेवतो, समजावतो मालवणीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये हीच रीत आहे: पडद्यावरचं सगळं इंग्रजी जसंच्या तसं आणि आवाज मराठी. दहा-एक मिनिटांचा एकेक धडा, समोर थांबवत थांबवत स्वतः करून बघायचा. इंटरनेट धड नसलेल्या शाळेत आम्हाला त्याचा मोठा आधार झाला.

पण देवनागरीची एक वेगळी मजा आहे आणि ती मुलांना दाखवावीच. पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं. ‘दर’, ‘लिटर’, ‘रक्कम’ अशी नावं ठेवून रक्कम = दर * लिटर लिहा, निमूट चालतं. कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिलात तर मात्र चूक दाखवतो. आणि तोच मराठी आकडा इनपुटमध्ये टाइप करून इंटला दिलात तर बरोबर ओळखतो! म्हणजे दारातून येऊ देत नाही, खिडकीतून घेतो.

दुसरं, ‘शाळा’ या शब्दाची लांबी विचारा. मुलं म्हणतात दोन, पायथन म्हणतो चार: श, काना, ळ, काना. ‘नमस्ते’ची सहा, कारण पाय मोडलेला हलन्तसुद्धा एक आणि मात्राही एक. आता ‘शाळा’ उलटी करा. सुरुवातीला ठिपक्यांच्या गोलावर लटकलेला अनाथ काना येतो, मग ‘ळाश’. वर्गात एवढा हशा दुसऱ्या कशालाच येत नाही. आणि अक्षर आपल्याला दिसतं तसं संगणकात नसतं, हे न सांगता कळतं.

माय मराठी बाणा

हे करून बघितलं. अनाथ काना पाहून वाईट वाटलं. माझा आक्षेप सध्या स्थगित.

उंडो खाणारा

म्हापशाहून लिहितोय. कोण काय शिकवतो यापेक्षा कशावर शिकतो हे कोणी विचारलंच नाही. माझ्या ऑनलाइन वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं फक्त मोबाइलवर होती. एकाच मोबाइलवर मीट पण आणि कोड पण. म्हणजे मी पडद्यावर दाखवतो तेव्हा तो लिहू शकत नाही, तो लिहितो तेव्हा माझा पडदा दिसत नाही. त्यात पायथनला हवी ओळीच्या सुरुवातीची जागा, आणि मोबाइलच्या कीबोर्डवर टॅब शोधून दाखवा! काही कीबोर्ड अवतरणचिन्ह आपोआप वाकडं करतात. सरळ चिन्ह टाइप केलं तरी नक्षीदार पडतं आणि पायथन म्हणतो, हे कोण? एका मुलाने चार दिवस त्या एका चिन्हापायी घालवले. त्याला वाटलं आपल्याला डोकं नाही. मी फोटो बघून ‘बरोबर तर आहे’ म्हणालो, कारण फोटोत मला पण दिसलं नाही.

आता मी पहिल्या दिवशी कोड शिकवतच नाही. प्रत्येकाचं यंत्र काय, कुठे लिहिणार, कुठे चालवणार, एवढंच. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना थॉनी. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठातून आलेलं साधं सॉफ्टवेअर, पायथन त्याच्यासकट येतं आणि चलांच्या किंमती बाजूला बदलताना दिसतात. बाकीच्यांना मोबाइलचं ॲप, आणि कोणाबरोबर तरी जोडी.

झुणका भाकर

वाकडं अवतरणचिन्ह!! +१००. आमच्या लॅबच्या जर्नलमध्ये छापलेलं कोडच तसं होतं. पिढ्यानपिढ्या ते टाइप करून चूक येते आणि सर म्हणतात, नीट टाइप करा.

वाचनमात्र

या संकेतस्थळावर आठ वर्षं फक्त वाचते आहे. हा पहिला प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

पानशेतकर सर, मी तुमच्या चौतीसमधली आहे. दुसऱ्या आठवड्यानंतर सोडला.

अवघड वाटलं म्हणून नाही. एक तर वेळ. रात्री नऊ म्हणजे आमच्या घरी पानं वाढायची वेळ. मी कानात इअरफोन घालून पोळ्या लाटत ऐकायचे. ऐकायला फार छान वाटायचं, पण हात कणकेत, टाइप कोण करणार? मग भांडी आवरून साडेदहाला मोबाइल घेऊन बसले की नेमकी चूक येणार आणि वर्ग संपलेला.

म्हणून गटावर विचारलं, ‘प्रोग्राम लिहिला तो सेव्ह कुठे होतो? काल लिहिलेला आज सापडत नाही.’ एकाने उत्तर दिलं, ‘ताई हे अगदीच बेसिक आहे, गूगल करा.’ त्यावर पाच-सहा जणांचे हसरे चेहरे आणि तुमचा अंगठा होता. त्यानंतर मी काही विचारलं नाही. पुढच्या शनिवारी लिंक आली तेव्हा उघडली नाही, आणि एकदा नाही उघडली की दुसऱ्यांदा न उघडणं सोपं जातं.

तुमच्यावर राग नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

पानशेतकर

गटात मागे जाऊन शोधलं. मंगळवार, रात्री १०:५१ चा तुमचा प्रश्न. माझा अंगठा खरंच आहे. ‘चला, मुलं एकमेकांना मदत करतायत’ असं वाटून, बहुतेक जिना चढता चढता टाकला असणार. उत्तर वाचलंही नसेल.

माफ करा. आणि प्रश्नाचं उत्तर आता देतो, महिनाभर उशिरा: तुम्ही जे ॲप वापरता त्यात वरच्या फोल्डरच्या चिन्हाखाली ‘सेव्ह’ आहे. ते दाबून स्वतः नाव दिल्याशिवाय फाइलला धड नावच नसतं, मग दुसऱ्या दिवशी सापडणार कशी? हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे बाकीच्यांचंही हरवलं असणार, फक्त विचारलं तुम्ही.

वहाणेचा अंगठा

हा धागा वाचून माझा आयडी बदलावा म्हणतो.

बे एरियातली वहिनी

वाचनमात्र, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आणि आठ वर्षं गप्प राहून पहिल्याच चेंडूला षटकार म्हणजे काय!

खडूस मास्तर

‘बेसिक आहे’ हे वाक्य वर्गात मी हजारदा बोललो असेन. असो.

साय_साखर

मी ती दूध संकलनवाली. उरलेल्या सहातली. ☺️

धाग्यावर चर्चा मोठी चालली आहे तर माझं एक अडलेलं विचारू का? सरांना फोन लावला होता, ते मीटिंगमध्ये आहेत.

आमच्याकडं गाईच्या दुधाला दर फॅटवर ठरतो. ३.५ ला मूळ दर, तिथून प्रत्येक पॉइंटला, म्हणजे ०.१ ला, तीस पैसे वाढ धरली आहे (एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, सध्या ८.५ च धरलाय, तो नंतर बघीन). मी लूपमध्ये ३.५ पासून ०.१ मिळवत मिळवत ५ पर्यंत दरांची यादी केली. मग शेतकऱ्याचं फॅट टाइप केलं की यादीत शोधून दर दाखवायचा, नाही सापडलं तर ‘दर नाही’ असं छापायचं.

३.५, ३.६, ३.७ बरोबर येतंय. ३.८ टाकलं की ‘दर नाही’. ३.९ ला पण ‘दर नाही’. मग ४.० आणि ४.१ ला परत बरोबर! ४.२ पासून पुढं पुन्हा ‘दर नाही’. दोन दिवस डोकं फोडतेय. स्पेलिंग तपासलं, जागा तपासल्या, अवतरणचिन्ह पण सरळ आहेत. ३.८ ने काय घोडं मारलंय?

वऱ्हाडी ठेचा

३.८ वाला शेतकरी काठी घेऊन येईल न बाई, माह्याच दुधाले दर काहून नाही म्हणून!

उंडो खाणारा

ताई, यादी छापून बघा एकदा. शोधू नका, नुसती छापा.

साय_साखर

छापली. अगं बाई. ३.५, ३.६, ३.७ आणि मग ३.८०००००००००००००००३. तेवढी शून्यं मोजून लिहिली नाहीत, पण शेवटी तीन आहे. ३.९ च्या शेवटी चार. ४.० आणि ४.१ स्वच्छ. ४.२ च्या जागी ४.१९९९ करत गेलंय.

हे मी लिहिलेलं नाही.

खडूस मास्तर

बाई, तुमचं काहीच चुकलेलं नाही. मी सांगतो, जरा सविस्तर.

एक रुपया तीन जणांत सारखा वाटा. प्रत्येकी ३३ पैसे दिलेत तर एक पैसा उरतो. ०.३३३३ असं कितीही लिहीत गेलात तरी संपत नाही, कारण दहाला तीनने पूर्ण भाग जात नाही. आपण कुठेतरी थांबतो आणि ‘चालेल’ म्हणतो. संगणक दहाच्या हिशेबात नाही, दोनच्या हिशेबात मोजतो. त्याच्या हिशेबात अर्धा, पाव, अष्टमांश नेमके बसतात, पण एक दशांश कधीच संपत नाही. तोही कुठेतरी थांबतो. म्हणजे तुमचा ०.१ हा खरा ०.१ नाहीच, केसभर जास्त आहे. ३.६, ३.७ हेही असेच जवळपासचे. मिळवत गेलात की केसाला केस लागतो आणि ३.८ ला तो दिसायला लागतो. तुम्ही टाइप केलेलं ३.८ आणि बेरजेने आलेलं ३.८ हे दोन वेगळे आकडे झाले, म्हणून शोध लागत नाही.

मग ४ ला बरोबर कसं आलं? कारण या मोजपट्टीच्या खुणा सगळीकडे सारख्या अंतरावर नसतात. दोन, चार, आठ ओलांडले की दोन खुणांमधलं अंतर दुप्पट होतं. ४ शी खुणा विरळ झाल्या, त्यामुळे साचलेली चूक सर्वांत जवळच्या खुणेला, म्हणजे नेमक्या ४ ला, जाऊन चिकटली. तिथे नशिबाने हिशेब जुळला, पुढे पुन्हा बिघडला.

हे सी मध्येही असंच होतं, म्हणून या खेपेला भाषेवरून भांडत नाही.

आता उपाय. बँक पैशांत मोजते तसं तुम्ही पॉइंटांत मोजा. ३.५ ला ३५ म्हणा, ३.८ ला ३८. लूप ३५ पासून एकेकाने वाढवा, पूर्णांकात कुठलाच केस येत नाही. दरही पैशांत ठेवा. शेतकऱ्याचं फॅट घेतल्यावर दहाने गुणून राउंड करा, म्हणजे जवळच्या पूर्णांकावर आणा, आणि मगच शोधा. छापताना तेवढं फॅट दहाने आणि दर शंभराने भागा.

पानशेतकर

मीटिंगमधून बाहेर आलो तर इथे वर्ग भरलेला. मास्तर, हे मी दशांश शिकवताना पाचव्या आठवड्यात घेणार होतो, कासवाच्या गतीने. इतकं नीट मला जमलं नसतं.

वाचनमात्र

मला समजलं. म्हणजे खरंच समजलं. मी यादी करून मोबाइलवर छापून पाहिली, माझ्याकडेही ३.८ ला तेच शेपूट आहे. आणि हो, फाइल सेव्ह केली आहे.

लाकडी खेळणी

पानशेतकर, तुमच्या उरलेल्या सहा जणांत स्वतःचं काम घेऊन बसलेले किती, ते जरा बघा बरं.

पानशेतकर

बघितलं. साय_साखर ताईंचा दरफलक. काका भिशीचा हिशेब करतायत, २३ येऊनसुद्धा सोडून गेले नाहीत. एक मुलगा वडिलांच्या रसवंतीचा गल्ला लिहितोय. भाचा आईच्या धाकाने आहे. उरलेल्या दोघांना विचारायला हवं, मी कधी विचारलंच नाही.

जानेवारीची वेळ बदलतोय. दुपारी तीन ते चार, आणि दहा-दहाचे दोन गट. एकाच मोबाइलवाल्यांसाठी धडे आधी छोट्या चित्रफितींत देईन, वर्गात फक्त अडलेलं. उंडो, पहिला दिवस तुमच्या पद्धतीने. शहाणे, फी घेणार नाही.

उंटावरचा शहाणा

नका घेऊ. पण मला घ्या. बारा वर्षं लोकांना सल्ले देतोय, फॉर लूप मलाही येत नाही.

वऱ्हाडी ठेचा

याले उजवीकडे वळाले शिकवा आधी.

खडूस मास्तर

दुसऱ्या गटाला कोणी नसेल तर मी घेईन. पायथन वाचायला लागलो आहे. ओळीच्या सुरुवातीच्या जागेवर प्रोग्राम अवलंबून असावा ही कल्पना अजून पचलेली नाही.

साय_साखर

मास्तर, झालं! ३५ ते ५० सगळे दर बरोबर. तक्ता छापून केंद्राच्या भिंतीला लावला. दहा दिवसांच्या बिलाला लूप एक ते दहा दिला होता, बिल नऊच दिवसांचं आलं, पण ते माझं मीच पकडलं. शेवटचा आकडा धरत नाही म्हणून अकरा लिहायचं.

तक्ता बघून सासरे म्हणतात, म्हशीचा पण होईल का?

खडूस मास्तर

म्हशीचं फॅट कुठून धरता?

साय_साखर

सहापासून.

खडूस मास्तर

मग लूप साठपासून सुरू करा.